पालीवरील एक जुनी फिर्याद

मुक्या जनावरांवर माणसाने आजवर जे नाना प्रकारचे आळ घेतले आहेत, त्यांचा कोणी साक्षेपी गृहस्थ कधी काळी इतिहास लिहील, तर त्यात कोल्ह्याची लबाडी, सापाचा डूख, मांजराचा कृतघ्नपणा इत्यादी प्रकरणांच्या जोडीला पालीच्या मत्सरासही एक प्रकरण द्यावे लागेल. पाल मत्सरी आहे असे आपल्याकडे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपण तिजवर निराळे आरोप करतो, व त्यांकडे पुढे वळावयाचेच आहे. परंतु ग्रीक व रोमन लोकांनी हा आरोप तिजवर अगदी गंभीरपणे केला, ग्रंथांमागून ग्रंथांतून तो चालविला, आणि शेवटी एका गुन्ह्यास तिचे नाव देऊन तो कायम करून टाकला. आरोप असा की, ही पाल आपली कात टाकते ती मागे ठेवीत नाही, तत्काळ गिळून टाकते. आणि हे ती भुकेपोटी नव्हे, तर माणसास त्या कातीचा औषधी उपयोग होऊ नये म्हणून, निव्वळ जळफळाटाने करते!

हे प्रकरण प्रस्तुत लेखकास पदवीच्या वर्गापुढे रोमचा इतिहास सांगताना अधूनमधून उपयोगी पडे. कंटाळलेली मुले हसत, व तास निभावून जाई. त्यापलीकडे त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यात मात्र तसा प्रसंग आला.

माझा धाकटा बंधू पुष्कळ वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात बिऱ्हाड करून आहे. त्याच्या घरी मी नाताळाच्या सुटीत गेलो असता चौदा वर्षांच्या पुतणीने मला प्रथम कोणाची ओळख करून दिली असेल तर ती तिच्या पाळलेल्या पालीची. आपल्या भिंतीवरची पाल ती ही नव्हे. तिकडे हिला 'लेपर्ड गेको' म्हणतात. वीतभर लांब, पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, शेपूट गाजरासारखे जाड, आणि मुद्रा अशी की जणू आत्ताच काहीतरी गमतीचे ऐकले आहे. अंगावरच्या ठिपक्यांवरून पुतणीने तिचे नाव 'चांदणी' ठेविले होते. काचेच्या पेटीत वाळू, एक-दोन दगड, खालून ऊब देणारी विजेची चटई, असा तिचा संसार. आमच्या भावजयीस हा पाहुणा मनातून मान्य नव्हता, परंतु मुलीच्या हट्टापुढे तिने हात टेकले होते.

मी माझे पुस्तकी पांडित्य अर्थातच बाहेर काढले. म्हटले, ''दोन हजार वर्षांपूर्वी तुझ्या ह्या चांदणीवर खटला भरलेला आहे, ठाऊक आहे का? ती आपली कात खाऊन टाकते म्हणून.'' पुतणी म्हणाली, ''खाते हे खरे आहे, काका. पण ह्या खेपेस तिला खायला काही सुटलेच नाही. तुम्ही तिचे पाय पाहा.''

पाहिले. अंगावरची कात गेली होती, पण पुढच्या दोन्ही पायांच्या बोटांवर ती कोरड्या कागदासारखी आवळून बसली होती. एका बोटाचे टोक काळे पडले होते, आणि मागच्या पायाचे एक बोट तर शरदातच गळून गेले होते. शेपूट तुटले तर पालीस पुन्हा फुटते. बोट गेले ते गेले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते. ज्याने प्राणी विकला त्या दुकानदाराने सोबत एक छापील चतकोर कागद दिला होता. हा वाळवंटी प्रदेशातील प्राणी आहे, ह्यास कोरडे ठेवावे, असे त्यावर होते. आणि मुलीने तो उपदेश वेदवाक्य मानून अक्षरशः पाळला होता.

त्या रात्री काय केले ते पुढे सांगतो. पण ते काळे बोट पाहिल्यापासून जुन्या फिर्यादीचे कागद मी पुन्हा उलगडून वाचू लागलो, आणि ते मला पूर्वीहून निराळे दिसू लागले.

ह्या फिर्यादीचा सर्वांत जुना मोठा साक्षीदार थिओफ्रास्टस. हा लेस्बॉस बेटातील एरेसॉस गावचा. ॲरिस्टॉटलचा शिष्य, आणि इसवी सनापूर्वी ३२२ मध्ये गुरू वारल्यावर त्याच्या विद्यापीठाचा चालक. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याची कीर्ती आहे. जी जनावरे मत्सरी म्हणून प्रसिद्ध आहेत त्यांजवर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला होता. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष फोटिअस ह्याने आपल्या प्रचंड वाचनाची जी टिपणे करून ठेविली, त्यांत त्याचा गोषवारा सापडतो. हरिण आपले गळलेले शिंग लपवून ठेवते, सील नावाचा समुद्रप्राणी पकडला जाताच पोटातील औषधी द्रव्य ओकून टाकतो, आणि पाल आपली कात गिळते, कारण ती कात अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, रामबाण आहे, असा लोकप्रवाद. आता मौज पाहा. थिओफ्रास्टसने हा प्रवाद नमूद केला तो मान्य करून नव्हे. त्याचे म्हणणे असे की, विचारशक्तीच नसलेल्या प्राण्याच्या ठिकाणी एवढे ज्ञान यावे कोठून? जी वैद्यकी माणसास पुष्कळ अभ्यासाने साध्य होते, ती पालीस आपोआप अवगत असावी, आणि वर ती माणसापासून राखून ठेवण्याचे कपटही तिला सुचावे, हे त्याच्या बुद्धीस पटले नाही. म्हणजे जो पहिला साक्षीदार, तोच आरोपीच्या बाजूचा!

पण ग्रंथांच्या प्रवासात शंका मागे पडतात आणि प्रवाद पुढे जातात. इ. स. ७७ च्या सुमारास थोरल्या प्लिनीने आपला सदतीस भागांचा 'निसर्गेतिहास' टायटसला अर्पण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी व्हेसूव्हियसच्या स्फोटात त्याचा अंत झाला. त्याने आठव्या भागात थिओफ्रास्टसच्या नावावर हीच गोष्ट सांगितली, परंतु थिओफ्रास्टसची शंका मात्र गाळली. पाल सापाप्रमाणे आपले 'म्हातारपण' टाकते आणि लगेच गिळून माणसास अपस्मारावरील औषधास मुकविते, एवढेच उरले. तिसाव्या भागात तर तो म्हणतो की, माणसाचा इतक्या कपटाने मत्सर करणारा दुसरा प्राणी नाही, आणि म्हणूनच तिचे नाव ही एक शिवी होऊन बसली आहे.

ह्या 'म्हातारपण' शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. ग्रीक भाषेत टाकलेल्या कातीस जो शब्द ॲरिस्टॉटल वापरतो त्याचा मूळ अर्थ वार्धक्य असाच आहे, आणि लॅटिनातही तसेच. कात टाकणे म्हणजे त्यांच्या लेखी वय उतरवून ठेवणे. आपल्या संस्कृतात हीच वस्तू 'निर्मोक' होते, म्हणजे ज्यातून सुटका झाली ते. किंवा 'कंचुक', म्हणजे अंगरखा. बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर टाकून दिलेल्या सर्पाच्या कातीचा दृष्टांत ज्ञानी पुरुषाच्या देहास दिला आहे. मराठीत कोणी कात टाकली म्हणजे तो नव्या उमेदीने उभा राहिला, असा अर्थ होतो. ग्रीकांस जे गेले त्याचे नाव सुचले, आपल्यास जे उरले त्याचे. मात्र ग्रीक, रोमन किंवा आपण, कोणाच्याही भाषेत कात अडकून बसणे ह्यास शब्द नाही. कात ही सुटतेच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मोकळ्या रानातल्या धडधाकट जनावरांकडे पाहणाऱ्यांस दुसरे काय दिसणार?

असो. प्लिनीने तिसाव्या भागात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती मी आजवर वर्गात कधी सांगितली नव्हती, कारण तीत हसण्यासारखे काही नाही. पालीने कात गिळण्यापूर्वीच ती हस्तगत कशी करावी ह्याची ती युक्ती. उन्हाळ्यात पालीची झोपण्याची जागा हेरून ठेवावी. दाराखिडक्यांच्या चौकटींच्या फटी, घुमट, थडगी अशा ठिकाणी ती असते. मग वसंत ऋतू लागताच चिरलेल्या बोरूंची विणलेली लहानशी खोपी तिच्या तोंडाशी लावावी. ह्या खोपीच्या अरुंदपणाची पालीस आवडच असते, कारण अंगाभोवती आवळलेले जुने वेष्टन तिला तेथे अधिक सहज काढता येते. मात्र ते काढून ती एकदा बाहेर पडली की मागे वळून तिला आत शिरता येत नाही, आणि कात माणसाच्या हाती लागते.

ज्याने हे प्रथम पाहिले असेल त्या अनामिक रोमन औषधवाल्याची मला आता फार धन्यता वाटते. त्याचा हेतू चोरीचा, पण निरीक्षण बिनचूक. कात निघण्यास पालीस अंग घासावयाला खरखरीत कडा लागतात, आणि तिला आडोशाची अरुंद जागा प्रिय असते; नेमकी हीच गोष्ट आज पाली पाळणारे मोठ्या अनुभवानंतर एकमेकांस सांगतात. पालीचे औषध चोरण्याकरिता माणसाने जो सापळा रचला, तो पालीच्या सोयीचा निघाला!

दुसऱ्या शतकात ह्या पालीस आणखी एक चांगला वकील मिळाला, आणि तोही आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलणारा. आफ्रिकेतील मदौरा गावचा अप्युलिअस, ज्याची 'सोनेरी गाढव' ही कादंबरी प्रसिद्ध आहे, त्याजवर इ. स. १५८-५९ च्या सुमारास, सध्याच्या लिबियातील साब्राथा येथे, जादूटोण्याचा खटला चालला. श्रीमंत विधवेशी लग्न केले ते मंत्रतंत्र करून, असा मुख्य आरोप; आणि एक अपस्मारी मुलगा त्याच्यासमोर कोसळला ही त्यातील एक बाब. आपल्या बचावाच्या भाषणात अप्युलिअस अपस्मारावरील जुन्या लेखकांची औषधे सांगतो, आणि थिओफ्रास्टसचे नाव घेऊन पालीच्या कातीवर येतो. ती चटकन उचलली नाही तर पाल ती खाऊन टाकते, हे तो सांगतो. पण येथे तो प्लिनीसारखा निवाडा देत नाही. हे ती दुष्ट बुद्धीने करते की केवळ स्वाभाविक भुकेने, असा विकल्प तो मोकळा ठेवतो. ज्याच्यावर खोटा आळ आला आहे त्यासच दुसऱ्यावरील आळाबद्दल सबुरी सुचते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अप्युलिअस हा मोठा वाक्पटू वकील होता, तेव्हा फार भाबडेपणा नको.

ह्या सबुरीचा काही उपयोग झाला नाही. लॅटिनात त्या पालीचे नाव 'स्टेलिओ'. अंगावर चांदण्यांसारखे ठिपके म्हणून हे नाव पडले, असे ओव्हिड सुचवितो. हरवलेल्या कन्येस शोधणारी सेरीस देवी तहानेने पाणी पीत असता एका उद्धट पोराने तिला हावरी म्हणून हिणविले, तेव्हा तिने उरलेले पेय त्याच्या तोंडावर फेकले आणि तो ठिपकेदार पाल होऊन पळाला, अशी कथा त्याने आपल्या 'रूपांतरां'च्या पाचव्या भागात घातली आहे. (पुतणीस ओव्हिड ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी तिनेही ठिपक्यांवरून तेच नाव ठेवावे, ह्याचे मला मोठे नवल वाटले.) ह्या स्टेलिओवरून रोमन कायद्यात 'स्टेलिओनातुस' नावाचा गुन्हा उत्पन्न झाला. तिसऱ्या शतकातील कायदेपंडित उल्पिअन ह्याचे ह्यावरील विवेचन जस्टिनिअन बादशहाच्या इ. स. ५३३ च्या 'डायजेस्ट'मध्ये सत्तेचाळिसाव्या भागात जतन झाले आहे. ज्या कपटास कायद्यात दुसरे कोणतेही स्वतंत्र नाव नाही, ते सर्व ह्या सदरात यावयाचे. उदाहरणार्थ, एकाकडे गहाण असलेली वस्तू ती गोष्ट दडवून दुसऱ्यास विकणे. जे हाती यावयाचे ते लबाडीने गिळून टाकणारा, तो पालीसारखा.

हे नाव रोमबरोबर मेले नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत ते आले. ब्राझील देशाच्या १९४० च्या दंडसंहितेत कलम १७१ 'एस्तेलिओनातो' ह्याच मथळ्याचे आहे, व तेथील बोलभाषेत ठकास नुसते 'एक-सात-एक' म्हणतात. आपल्या वाचकांस येथे 'चारसोबीस' आठवल्यावाचून राहणार नाही. आपली १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले; पण कोणी कोणास 'तीनशेअठरा' म्हटल्याचे अजून माझ्या कानी नाही. कायदा कात टाकतो, भाषेच्या बोटांवर ती अडकून राहते. साओ पाउलोच्या रस्त्यातील एखादा भामटा आज ज्या नावाने ओळखला जातो, त्याच्या मुळाशी दाराच्या फटीत राहणारी एक निरुपद्रवी पाल आहे, हे त्यास कोणी सांगितले तर खरे वाटणार नाही.

आपण मात्र रोमन लोकांस हसण्याच्या अधिकाराचे नाही. पाल चुकचुकली की आपल्या मनात शंका येते. अंगावर कोठे पडली तर काय फळ, ह्याचे कोष्टक पंचांगात असते. कांचीच्या वरदराज पेरुमाळच्या देवळात तर पालीचा दोष जावा म्हणून सोन्यारुप्याच्या पालींस हात लावून येण्याचा प्रघात आहे. पश्चिम भारतात एक भयंकर विषारी पाल असते अशी समजूत साहेबलोकांतही पसरली होती; यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'बिस-कोब्रा' ह्या नावाखाली तिची नोंद आहे, व हे नाव ठिकठिकाणी निरनिराळ्या निर्विष सरड्यापालींस लावतात असा उलगडाही. चांदणीचे आपल्याकडील भाऊबंद ह्या समजुतीपायी किती ठेचले गेले असतील ह्याची गणती नाही. होय, भाऊबंद आपल्याकडेही आहेत. तिच्याच गणातील एक जात महाराष्ट्र व गुजरात ह्या भागांत आढळते, आणि दुसरी एक सातपुड्यातून २०१४ साली नव्याने वर्णिली गेली. त्या जंगलातून धरून आणून घरात ठेवाव्या असे मात्र कोणी मनात आणू नये.

चांदणीच्या जातीचे शास्त्रीय बारसे कलकत्त्यास झाले. एडवर्ड ब्लाइथ हा १८४१ पासून सुमारे दोन दशके एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा रखवालदार होता. पगार तुटपुंजा, प्रकृती अशक्त, पण दृष्टी अशी की स्वतः डार्विन त्यास पत्रे लिहून माहिती विचारी. त्याने १८५४ साली पंजाबच्या मीठ-डोंगरातून आलेल्या नमुन्यावरून ह्या पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. खेवड्याची जगप्रसिद्ध मिठाची खाण ज्यात आहे तीच ही डोंगरओळ, आता पाकिस्तानात. ही पाल ज्या गणात मोडते त्याचे नाव ग्रेने १८२७ मध्ये दिलेले, आणि त्याचा अर्थ 'उत्तम पापणीची' असा. आपल्या घरातील पालीस पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो. हिला मात्र खऱ्या उघडझाप होणाऱ्या पापण्या असतात, आणि भिंतीस चिकटणारी गादीदार बोटे नसतात. म्हणून ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवर चालते.

दुकानदाराच्या कागदातील चूक कोठून आली ते येथे समजते. मीठ-डोंगर, अफगाणिस्तान, बलुचिस्तान ही नावे वाचून, आणि नकाशावर तो भाग पिवळा रंगविलेला पाहून, कोणीही 'वाळवंटी' असे लिहून मोकळा होईल. परंतु हा निशाचर प्राणी दिवसा त्या तापलेल्या पृष्ठावर असतो कोठे? तो असतो दगडाखाली, कपारीत, बिळात. आणि वर रखरखाट असला तरी बिळाच्या पोटात ओल टिकून असते. माणसाने त्यास घरी आणताना त्याच्या देशाचा पृष्ठभाग तेवढा उचलून आणला, बीळ तेथेच राहिले. त्यात इंग्लंडचा हिवाळा, बंद खिडक्या, आणि घर तापविणाऱ्या यंत्रांनी कोरडी पडलेली हवा. बाहेर दिवसरात्र पाऊस झरत असता घरातील एका काचेच्या पेटीत एक जनावर ओलाव्यावाचून बोटे गमावीत होते.

कात निघते कशी, हे त्या गावच्या पशुवैद्य बाईंनी आम्हास दुसऱ्या दिवशी मोठ्या सौजन्याने समजावून दिले. जुनी त्वचा झिजून नवी येते असा प्रकार नाही. जुन्या त्वचेखाली नवीन त्वचा संपूर्ण तयार होते. शास्त्रज्ञ ह्या थरांस 'पिढ्या' असेच म्हणतात, बाहेरची पिढी आणि आतली पिढी. आतली पिढी सज्ज झाली की दोघींमधील बंध सुटतात, जनावराचा रंग फिका, पांढुरका होतो, आणि मग ते दगडावर तोंड घासून जुनी त्वचा उसवते व तोंडाने ओढीत, पायमोजा काढावा तशी, काढून गिळते. त्या सुटण्यास ओलावा लागतो. तो नसला तर जाड जागी कात फाटून निघते, पण बोटे, शेपटीचे टोक, पापण्यांच्या कडा येथे ती वाळून वळ्यासारखी आवळते. रक्त पुढे जाईनासे होते, आणि बोट सुकून गळते. लहान पिल्ले आठपंधरा दिवसांनी कात टाकतात, मोठी महिन्या-दोन महिन्यांनी. म्हणजे चूक एकदा झाली की ती थरावर थर चढत जाते. ओलाव्याखेरीज इतरही कारणे असतात: आहारात अ जीवनसत्त्वाची उणीव, उबेची कमतरता, अंगावरचे बारीक कीटक, किंवा मुळातच आजार. म्हणून वारंवार असे होऊ लागले तर नुसत्या पाण्यावर विसंबू नये, असे बाईंनी बजावले.

त्या पहिल्या रात्री, बाईंनी दूरध्वनीवरून सांगितले तसे, आम्ही केले ते असे. झाकणास भोके पाडलेल्या एका पसरट डब्यात कागदी रुमाल अंथरून त्यावर कोमट पाणी घातले, इतके बेताचे की बोटे भिजावी पण पोट बुडू नये. कोमट म्हणजे आपल्या मनगटास ना गरम ना गार लागेल असे. चांदणीस त्यात वीस मिनिटे ठेविले. नंतर कान साफ करण्याच्या कापूसकाडीने, ती ओली करून, प्रत्येक बोट मुळाकडून टोकाकडे हळूहळू लोळविले. कोरडी कात ओढावयाची नाही, हा पहिला नियम. कारण तिच्याबरोबर नवी त्वचाही निघून येते. जे सुटत नाही ते दुसऱ्या रात्रीवर सोडावयाचे, हा दुसरा. आणि पापणीच्या आत काही अडकले असेल तर त्यास घरी काडी लावावयाची नाही, ते काम पशुवैद्याचे. काडी धरण्याचे काम पुतणीने माझ्याकडे दिले, कारण तिचा हात थरथरत होता. माझाही थरथरत होताच. पण चष्मा लावलेल्या माणसावर लोक उगीच विश्वास टाकतात.

पहिल्या रात्री तीन बोटे मोकळी झाली. दुसऱ्या रात्री आणखी चार. काळे पडलेले टोक वाचले नाही. ते तसेच कोरडे राहू द्या, सूज किंवा पू दिसला तर घेऊन या, असे बाई म्हणाल्या. आठवड्याने ते गळले, पण जखम नव्हती.

पुढची तजवीज अशी झाली. आइसक्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यास बाजूने अंगाबरोबर जाईल एवढेच भोक पाडले, कडा गुळगुळीत केल्या, आत ओले करून पिळलेले शेवाळ भरले, आणि पेटीच्या उबदार टोकास तो ठेवून दिला. बाकी पेटी कोरडीच. कारण सगळीकडे ओल ठेवली तर जनावरास छातीचे व कातडीचे विकार होतात. उबदार टोकास सुमारे ३२ अंश, दुसऱ्या टोकास त्याहून पाचसात अंशांनी कमी, म्हणजे जनावराने आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडावी. शेवाळ दर दोनचार दिवसांनी पाहावयाचे, कुबट वास आला तर बदलावयाचे. भोकाशेजारी एक खडबडीत दगड. तो ठेवताना मी मनातल्या मनात त्या रोमन औषधवाल्यास नमस्कार केला. अरुंद तोंडाची खोपी आणि खरखरीत कड, त्याचीच योजना ही, फक्त मागे फिरण्याची वाट मोकळी ठेविली होती.

पालीने कात का खावी, ह्याविषयी आज दोन उत्तरे दिली जातात. कातीत जी प्रथिने इत्यादी द्रव्ये आहेत ती वाया जाऊ नयेत, हे एक. आणि आपल्या वस्तीचा माग शत्रूस लागू नये, हे दुसरे. मला स्वतःस पहिले अधिक पटते, कारण आमच्या वाड्यातल्या बायका भाजीचे देठही टाकीत नसत. एवढे खरे की, जुन्या घरात उभा जन्म काढूनही मला पालीची कात केरात सापडल्याचे स्मरत नाही, आणि सापाची कात परसात अनेकदा पाहिली आहे. म्हणजे फिर्यादी पक्षाची घटना खरी होती. खोटा होता तो हेतू. त्या कातीची वाट पाहणारा अपस्माराचा रोगी पालीस ठाऊक नव्हता.

माझे परतण्याचे दिवस जवळ आले तेव्हा चांदणी पुन्हा पांढुरकी दिसू लागली. पुतणीने निजताना तिला शेवाळाच्या डब्यात शिरताना पाहिले. पहाटे मला तिने हलवून उठविले, आणि आम्ही दोघे गारठलेल्या जिन्यावरून पाय न वाजविता खाली आलो. चांदणी डब्याच्या तोंडाशी अर्धी बाहेर होती. अंग ओले, चकचकीत, ठिपके नव्या शाईने काढल्यासारखे. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढऱ्या पापुद्र्याचा एक शेवटचा तुकडा लोंबत होता, तो तिने दोनदा जबडा हलवून आत घेतला. पुतणीने विजेरीच्या उजेडात बोटे मोजली, उरलेली सगळी स्वच्छ होती. मग शेवाळ उचकटून पाहिले, दगडाखाली पाहिले, कोपरे पाहिले. कातीचा लवलेश कोठे नव्हता. पुतणीने वहीत तारीख लिहिली आणि तीपुढे टिपून ठेविले: सर्व खाल्ली.